शहाळं घेऊन येणाऱ्या माणसांना काय सांगायचं?

पत्र, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून 47 वर्षांच्या एका शिक्षिकेने लिहिलं आहे. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मधुमेहामुळे त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि गेलं वर्षभर त्या डायलिसिसवर आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. शाळेतून दीर्घ रजा घेतली आहे. मिस्टर प्रत्येक वेळी सोबत येतात, दिवसाचं पाणी बाटलीत मोजून भरतात, भाज्या उकळून पाणी काढून टाकायचं तेही त्यांनी शिकून घेतलं आहे. पण मनातलं काही बोलायला गेलं की "होईल सगळं नीट, तू टेन्शन घेऊ नकोस" म्हणतात आणि उठून जातात. मुलगा बाहेरगावी शिकतो; त्याला फोनवर "मी मजेत आहे" एवढंच सांगितलं जातं. पुण्याची धाकटी बहीण रोज फोन करते आणि रडते. तिची समजूत काढण्यातच फोन संपतो. सुरुवातीला तिनेच "माझी किडनी घे" म्हटलं होतं. तपासण्या पहिल्या टप्प्यावरच थांबल्या आणि तो विषय आता दोघीही काढत नाहीत. भिशीच्या मैत्रिणी दुरावल्या. भेटायला येणारे शहाळी आणतात, कुणा वैद्याचा नंबर देतात, "तुझ्याच वाट्याला का गं हे" म्हणून हळहळतात.

सेंटरवर शेजारच्या बेडवर एक काकू असायच्या. तहान कशी मारायची, सुई टोचताना कुठे बघायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्या आल्या नाहीत. तेव्हापासून या ताई पांघरूण ओढून, डोळे मिटून पडून राहतात. मागच्या महिन्यात दोनदा, "आज बरं वाटत नाही" असं सांगून त्या डायलिसिसलाच गेल्या नाहीत.

त्या विचारतात: "आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकत आले. आता माझं ओझं कुणावर टाकायला नको वाटतं. बोलून किडनी थोडीच परत येणार आहे? गप्प राहणंच बरं ना? आणि बोलायचंच झालं तर कुणाशी?"

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, गप्प राहणं बरं नाही. तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती येऊन जाते, दोनदा डायलिसिस चुकवल्याची. त्यानंतर तुम्ही लगेच मैत्रिणींवर येता. मी मात्र त्या ओळीपाशीच थांबले. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, धाप लागते, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरीही तुम्ही गेला नाहीत, आणि खरं कारण घरात कुणालाच सांगितलं नाहीत. "माझ्या गप्प राहण्याने कुणाचं काय बिघडतंय" असं तुम्हाला वाटत असेल, तर या दोन खेपा त्याचं उत्तर आहेत. तुमचं बिघडतंय, आणि ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून बाकी सगळ्याच्या आधी एक काम. पुढच्या खेपेला डॉक्टर राउंडला आले की त्यांना स्पष्ट सांगा, "मागच्या महिन्यात मी दोनदा मुद्दाम आले नाही. जावंसंच वाटलं नाही." 'बरं वाटत नव्हतं' असं मोघम सांगू नका. झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, कशातच गोडी वाटत नाही, हे सगळं तुम्ही मला लिहिलंत, तसंच त्यांना सांगा. हिमोग्लोबिन कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो. डायलिसिस पुरेसं होत नसेल तरी तसंच होतं. आणि नैराश्यातही तसंच होतं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे रुग्ण म्हणतो 'आजारच असा आहे' आणि घरचे म्हणतात 'मनाला लावून घेतेय'. यातलं नेमकं काय आहे ते तपासूनच कळतं. डायलिसिसवर असलेल्या पुष्कळ जणांना नैराश्य गाठतं, आणि त्यावर उपचार आहेत. फक्त किडनीच्या रुग्णाला औषधाचं प्रमाण वेगळं लागू शकतं. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना डायलिसिसची फाइल सोबत न्या आणि मेडिकलमधून परस्पर काही आणून घेऊ नका.

रात्री-अपरात्री मन फार खाली गेलं, नको हे जगणं असं वाटायला लागलं, तर 14416 हा नंबर फिरवा. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडचं माणूस तुमचं नातेवाईक नसतं, हीच कधी कधी मोठी सोय असते. त्या क्षणी घरातल्या कुणाला उठवणं जमलं तर तेही करा. मिस्टर उठतील, ताई.

आता 'ओझं' म्हणता त्याबद्दल.

आपण बोललो नाही तर समोरच्यावर ओझं पडत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्याच पत्रातली एक गोष्ट आठवून बघा. मिस्टरांनी पाण्याच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या आहेत, सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. तुम्ही झोपल्यावर ते उठून किती संपलं ते बघतात, हेही तुम्हीच लिहिलंय. या माणसाच्या डोक्यावर ओझं नाही असं कसं म्हणायचं? ते आहेच, वर्षभर आहे. तुमच्या मनात काय चाललंय ते त्यांना कळत नाही, म्हणून ते अंदाज बांधत राहतात, आणि रात्री दोन वाजता बांधलेले अंदाज नेहमी वाईटच असतात. तुम्ही त्यांच्यापासून लपवता, ते तुमच्यापासून, आणि दोघांनाही वाटतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

ते उठून जातात याचा तुम्ही लावलेला अर्थ असा, की त्यांना ऐकायचं नाही. मला दुसराही एक अर्थ शक्य वाटतो. त्यांना वाटत असेल की तुम्ही प्रश्न मांडलात म्हणजे त्यांनी उत्तर द्यायला हवं. भाजीतलं पोटॅशियम कमी करता येतं, रिपोर्ट आणता येतात, सरकारी आरोग्य योजनेचे कागद जमवता येतात. 'मला भीती वाटते' याला काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक पुरुषांना ते शिकवलं जात नाही. हा माझा तर्क आहे, चूकही असेल. पण खात्री करून घ्यायला एक सोपा मार्ग आहे. नेमकं मागून बघा.

"तुम्ही माझ्याशी बोलतच नाही" असं म्हणालात तर ते गडबडतील आणि चिडतीलसुद्धा. त्याऐवजी म्हणा, "मला दहा मिनिटं बोलायचंय. उपाय नकोय, 'होईल नीट' पण म्हणू नका. नुसतं ऐका." दहा मिनिटं म्हटलं की माणसाला धीर येतो, कारण त्याला शेवट आहे. आणि वेळ बघून मागा. डायलिसिसहून आल्यावर नको. तेव्हा तुम्ही गळाठलेल्या असता, डोकं दुखत असतं, पायात गोळे आलेले असतात, त्या संध्याकाळी साधं बोलणंही भांडणावर जातं. मंगळवार किंवा गुरुवार बरा. आणि रविवार रात्र आधीपासूनच बोलून ठेवा. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे तुमचं सगळ्यात लांब अंतर तेच. अंग जड, तहान सगळ्यात जास्त, आणि तुम्ही लिहिलंय तसं मनात नाही नाही ते विचारही रविवारीच येतात. डायलिसिसची खेप चुकवायचा विचार पक्का होतो तोही तेव्हाच. त्या रात्री कुणीतरी जवळ असणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं धरा. मिस्टरांना सांगा, "रविवारी जेवण झाल्यावर माझ्याजवळ बसा, टीव्ही लावला तरी चालेल." बोलणं नाही झालं तरी चालेल.

पण मिस्टर कितीही बदलले तरी तुम्हाला हवं ते सगळं एकट्या त्यांच्याकडून मिळणार नाही. पत्र वाचताना मला हेच जाणवत राहिलं. तुम्ही प्रत्येक माणसाकडे सगळं शोधताय, आणि ते तिथे सापडलं नाही की त्या माणसावर काट मारताय. सोबत येणारा माणूस वेगळा, हसवणारा वेगळा, भीती ऐकून घेणारा वेगळा, 'मलाही असंच होतं' म्हणणारा वेगळा. एखाद्या मैत्रिणीपुढे तुम्ही कधीच रडणार नाही, पण तिने शाळेतल्या खमंग बातम्या सांगितल्या की तुमची संध्याकाळ बरी जाते. तोही आधारच आहे. तिच्याकडून तेवढंच घ्या.

मैत्रिणींवरूनच पुढे बोलते. 'त्यांनी बोलावणं बंद केलं' असं तुम्ही लिहिलंत, पण त्याच्या चार ओळी आधी असंही लिहिलंय की तुम्ही दोन भिश्यांना गेला नाहीत, कारण सगळ्या पावभाजी खाणार आणि तुम्ही बघत बसणार. हे दोन्ही खरं आहे, पण क्रम बघा. आधी तुमचं जाणं थांबलं. त्यांनी बोलावलं असतं तर 'हिला खाता येत नाही आणि आपण बोलावतोय' असं त्यांनाच अपराधी वाटलं असतं. मोठ्या आजारपणात माणसं दूर जातात त्यातली सगळी स्वार्थी नसतात. पुष्कळ जण काय बोलावं ते न सुचून दूर राहतात, मग इतके दिवस गेले म्हणून लाजतात, आणि मग आणखी दूर जातात.

आणि ती शहाळी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे शहाळं आणि मोसंबी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणणाऱ्याची माया त्यात असते. तुमच्यासाठी मात्र ते पोटॅशियमने भरलेलं, म्हणजे घातकच. पत्रातला तो प्रसंग वाचून मला फार वाईट वाटलं, की पाहुण्यांसमोर तुम्ही हसून दोन घोट घेतलेत आणि मग रात्रभर घाबरत बसलात, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलला नाहीत. ताई, असं पुन्हा करू नका. ज्यांनी ते आणलं त्यांना त्याचा परिणाम कळला असता तर त्यांनीच तुमच्या हातून काढून घेतलं असतं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुम्हीच सांगायला हवं, आणि एकेकाला सांगत बसलात तर दमून जाल. भिशीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज टाका. स्वतः टाकायला संकोच वाटत असेल तर मिस्टरांना किंवा मुलाला टाकायला सांगा. मी मसुदा देते, हवा तसा बदला:

"माझं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवारी असतं. त्या दिवशी मी दमलेली असते, फोन घेत नाही, रागावू नका. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी घरीच असते आणि मला कंटाळा येतो, तेव्हा नक्की या. येताना शहाळं, फळं, ज्यूस काही आणू नका, मला ते चालत नाही, त्रास होतो. माझे उपचार किडनीच्या डॉक्टरांकडे व्यवस्थित चालू आहेत, त्यामुळे दुसरी औषधं, काढे सुचवू नका. बाहेरच्या जगात काय चाललंय ते सांगा. आणि पुढच्या भिशीला मी येणार आहे. माझ्या खाण्याची काळजी करू नका, मी घरून खाऊन येईन."

शेवटची दोन वाक्यं काढू नका. बाकी मेसेजमध्ये 'हे करू नका, ते करू नका' खूप आहे, आणि लोकांना 'मग करू काय' हेही सांगावं लागतं. कुणी "काही लागलं तर सांग" म्हणालं की "काही नको गं" असं तुमच्या तोंडून पटकन येतं. तिथे एखादं खरं काम सांगा. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे चार पोळ्या जास्तीच्या लाटून पाठवशील? महिन्यातून एकदा मिस्टरांऐवजी तू माझ्यासोबत सेंटरला येशील? मिस्टरांना त्या दिवशी आराम मिळेल, आणि मैत्रिणीला तुमचं ते चार तासांचं आयुष्य एकदा डोळ्यांनी दिसेल. फिस्टुल्याच्या हातात, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या जोडलेल्या हातात, बांगड्या का नाहीत, त्या हाताला बीपीचा पट्टा का बांधू द्यायचा नाही, हे एकदा पाहिलं की पुढची वर्षभराची विचारपूस वेगळी होते.

बहिणीचं जरा अवघड आहे, म्हणून सावकाश लिहिते.

रोज फोन करून रडणारी बहीण तुम्हाला हळवी वाटते. मला ती अपराधी वाटते. किडनी देते म्हणाली, तपासण्या सुरू झाल्या, मग थांबल्या. का थांबल्या ते तुम्ही विचारलं नाहीत, तिने सांगितलं नाही. घरून विरोध झाला असेल, तिला स्वतःला भीती वाटली असेल, किंवा तपासणीत काही निघालं असेल आणि ते तुम्हाला सांगायचं तिला जमलं नसेल. त्या न बोललेल्या गोष्टीभोवती तुमचे रोजचे फोन फिरताहेत. ती रडते, तुम्ही समजूत काढता, आणि खरा विषय तसाच राहतो.

हा विषय तुम्हीच काढा, कारण तिला तो काढता येणार नाही. प्रश्न म्हणून विचारू नका, तिला मोकळं करा. "तू देते म्हणालीस तेच मला खूप आहे. नाही जमलं तरी माझ्या मनात काही येणार नाही. पण आपण याबद्दल न बोलता रोज फोनवर रडतोय, ते मला आता झेपत नाही." एवढं म्हणून थांबा. तुमच्या मनात खरोखर राग असेल, आणि असला तर तो समजण्यासारखा आहे, तर आधी तो दुसऱ्या कुणापाशी बोलून या; मग तिच्याशी बोला.

तिच्यासाठी आणि अशा पेचात असलेल्या इतर घरांसाठी दोन गोष्टी सांगते. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची संमती स्वखुशीचीच असावी लागते. दात्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलता येतं आणि शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येतं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, आणि त्यातल्या किती जणींना 'नाही' म्हणायची खरी मोकळीक होती हा प्रश्न मला कायम सतावतो. तुमच्या बहिणीला ती मोकळीक असू द्या. आणि बहिणीचं नाही जमलं म्हणजे सगळे रस्ते बंद झाले असं नाही. मेंदू मृत झालेल्या दात्याकडून किडनी मिळण्यासाठी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत विभागीय समितीच्या प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं; तुमच्या भागासाठी ती समिती पुण्याला आहे. रक्तगट जुळत नसलेल्या दोन कुटुंबांना आपसात दाता बदलून घेण्याची मुभाही 2011 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. यादी लांब असते, वाट पाहावी लागते. पण नाव घातलंय का, एवढं तरी डॉक्टरांना विचारा.

रडण्याबद्दल आणखी एक. सुसान सिल्क नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या कर्करोगाच्या अनुभवावरून 2013 साली एक साधा नियम मांडला. आजारी माणूस मधोमध, त्याच्याभोवती जवळची माणसं, त्यांच्याभोवती लांबची, अशी वर्तुळं काढायची. आतल्या माणसाला फक्त धीर द्यायचा. आपलं रडणं आपल्या बाहेरच्या वर्तुळातल्या माणसापाशी न्यायचं. म्हणजे बहिणीने रडावं, जरूर रडावं, पण तिच्या नवऱ्यापाशी, तिच्या मैत्रिणीपाशी. हे तुम्ही तिला सांगितलंत तर त्यात निष्ठुरपणा नाही. हे सदर वाचणाऱ्या सगळ्या बहिणींना, भावांना, जावांनाही माझं हेच सांगणं आहे.

आता काकूंबद्दल. तुमच्या पत्रात त्यांच्यावर जेवढं लिहिलंय तेवढं नवऱ्यावर किंवा मुलावरही नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

त्यांनी तुम्हाला बर्फाचा खडा दिला. घोटभर पाणी पिण्यापेक्षा एक खडा तोंडात धरून ठेवायचा, तहान जास्त वेळ मरते, आणि तो खडाही दिवसाच्या पाण्यातच मोजायचा, चोरी करायची नाही, असं बजावून सांगितलं. सुई टोचताना "खिडकीतल्या त्या वायरवर कबुतरं किती ते मोज" म्हणाल्या. असला सल्ला डॉक्टर देत नाहीत, नवरा देऊ शकत नाही. तो त्याच खुर्चीत बसलेल्या माणसालाच देता येतो. आणि मग एका सोमवारी त्या बेडवर दुसराच पेशंट होता. सिस्टरनी तुम्हाला तेवढंच हळू आवाजात सांगितलं, मशीन लावलं, आणि चार तास तुम्ही त्या बेडशेजारी पडून होता.

ताई, तुमचं माणूस गेलं. पण ते नात्यातलं नव्हतं, म्हणून ना सुतक, ना कुणी तुमच्याकडे भेटायला आलं, ना तुम्ही कुणाकडे गेलात. घरी सांगितलंत तेव्हा "तू असले विचार करू नकोस" म्हणून विषय बंद झाला. एवढं मोठं दुःख कुठेच न मांडता आत राहिलं, आणि त्यावर तुम्ही नियम काढलात की सेंटरवर आता कुणाशी जवळीक करायची नाही. तो नियम कुठून आला ते मला समजतं. काकू गेल्याचं दुःख होतंच, आणि उद्या आपलाही बेड असाच रिकामा होईल ही भीतीही त्यात होती. ही भीती तुम्ही पत्रात कुठेही शब्दांत लिहिलेली नाही, पण ती मला दिसते.

या नियमाने तुमचं काय रक्षण झालं ते एकदा प्रामाणिकपणे तपासा. तुम्ही डोळे मिटलेत तरी शेजारच्या बेडवरचं सगळं कानावर पडतच असतं. दुःख टळलं नाही. फक्त कबुतरं मोजायला लावणारं कुणी उरलं नाही. आणि दोन महिन्यांत तुम्ही डायलिसिस चुकवायला लागलात. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मला वाटतं.

मला सुचतं ते असं. काकूंच्या घरी जाऊन या, किंवा फोन करा. नंबर बहुतेक मिस्टरांकडेच असेल, कारण काकूंचे यजमान आणि ते इतके महिने बाहेरच्या बाकावर शेजारी बसत होते. त्यांच्या घरच्यांना बर्फाची गोष्ट सांगा, कबुतरांची सांगा. त्यांच्या आईने, बायकोने त्या चार तासांत काय केलं हे घरच्या माणसांना ठाऊकच नसतं, कारण त्यांना काचेच्या अलीकडे थांबावं लागतं. तुम्ही रडाल, तेही रडतील. हे व्हायलाच हवं होतं आणि ते राहून गेलंय.

मग सेंटरवर परत डोळे उघडायचे की नाही ते तुम्ही ठरवा. रोज नकोच. ज्या दिवशी बीपी पडलंय, जीव घाबरा झालाय, त्या दिवशी पांघरूण ओढून पडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शेजारी कुणी अमुक गेला, तमुक गेला अशा गोष्टी काढल्या तर "आज हा विषय नको" म्हणायचाही. पण काकूंच्या बेडवर आता जी मुलगी येते, तिचे हात सुई बघून थरथरतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मधून मधून तुमचे डोळे उघडे असतात. तिला तहान कशी मारायची ते कुणी सांगितलंय का, एवढं विचारा. आजारपणात सगळ्यात जास्त काय छळत असेल, तर आपण नुसतं घेणारं माणूस झालो ही भावना. तुम्ही वीस-बावीस वर्षं मुलं शिकवलीत. तुमच्यासारख्या बाईला ते जास्तच टोचणार. देण्यासारखं तुमच्यापाशी अजून पुष्कळ आहे, आणि ते घ्यायला योग्य माणूस तीन फुटांवर आहे.

एकाच आजाराची माणसं ठरवून एकत्र येतात त्याला आपल्याकडे स्वमदत गट म्हणतात. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हे त्याचं चांगलं मराठी उदाहरण आहे. तिथे रुग्णांइतकेच त्यांची काळजी घेणारे घरचे लोकही येतात. तुमच्या तालुक्यात किडनीच्या रुग्णांचा गट असेलच असं नाही. सरकारी किंवा मोठ्या धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना विचारा. सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर रुग्णालयात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, त्याची बऱ्याच रुग्णांशी ओळख असते. नसलाच गट, तर तुमच्या शिफ्टचे चार-पाच पेशंट आणि त्यांचे घरचे एवढे पुरेत. नाही तरी चार तास सगळे एका छताखाली असताच. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यांचा, सासवांचा, मुलांचा गट तर आपोआप झालेलाच आहे. मिस्टरांना एकदा सहज विचारा, बाहेर तुम्ही लोक काय बोलता? उत्तर ऐकून कदाचित तुम्हाला आश्चर्य वाटेल.

व्हॉट्सअॅपचा गट काढलात तर पहिल्याच दिवशी एक नियम घाला: किडनी परत चालू करणारे काढे, भस्मं, चमत्कार इथे पाठवायचे नाहीत. निकामी झालेल्या किडनीवर अनोळखी औषधांचा भार पडू शकतो, आणि एकाने हुरूप येऊन डायलिसिस थांबवलं तर आशा दाखवणारा तो मेसेज त्याच्या जिवावर उठतो. दुसरा नियम, कुणी दोन दिवस दिसलं नाही तर फोन करायचा. तुम्ही त्या दोन खेपांना आला नाहीत तेव्हा कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

मुलाबद्दल थोडंच लिहिते. तो मोठा झालाय. "मी मजेत आहे" हे त्याला खोटं वाटत असणार, आणि खरं काय ते विचारायची त्याला भीती वाटत असणार. त्याच्यापुढे सगळं मांडा असं म्हणत नाही. पण "आज फार दमले रे, पाच मिनिटं तुझ्या कॉलेजचं काहीतरी सांग" एवढं खरं बोला. मुलांना आईच्या उपयोगी पडलेलं आवडतं.

हे सगळं एकदम होणार नाही, आणि करायलाही जाऊ नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांशी त्या दोन चुकलेल्या डायलिसिसबद्दल बोला. तो मेसेज शनिवारी टाका, म्हणजे मंगळवारी कुणीतरी येईल. बहिणीचं आणि काकूंच्या घरचं तुमच्या सवडीने, पण टाळू नका. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा.